एकोणिसाव्या पानावरची बाकी

तुमचं लग्न कसं जमलं, असं कुणी विचारलं की पुटपुटे खुर्चीत सरसावून बसत आणि बाकीबाईंना नेमकं तेव्हाच स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवे. अठ्ठेचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. पुटपुटे हे त्यांचं आडनाव नव्हे बरं का. आकडे लिहिताना ते तोंडाने पुटपुटायचे, म्हणून गणना कार्यालयातल्या टवाळांनी ठेवलेलं ते नाव. आणि बाईंचं म्हणाल, तर दुसऱ्याचं गणित दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न, "बाकी किती आली?" म्हणून त्या बाकीबाई. दोघांची खरी नावं आता बहुधा औषधांच्या चिठ्ठ्यांवरच तेवढी उरली होती.

"एक हजार सत्तर भागाकार!" पुटपुटे पाहुण्याच्या नाकासमोर बोट नाचवत. "मी माझ्या खोलीत, ही तिच्या खोलीत. त्या कामाबद्दल चकार शब्द बोलायचा नाही, असा नियम. आणि पानं जुळवायला बसलो तर एक फरक नाही हो. एकसुद्धा नाही! मी म्हटलं, अशी मुलगी हातची घालवायची म्हणजे शुद्ध गाढवपणा."

पाहुणे हसत. बाकीबाई आत कपबश्या जरा जास्तच जोरात आपटत. कारण त्या एक हजार सत्तरांतले पन्नास भागाकार बाईंनी केलेच नव्हते. पुटपुट्यांच्या पानावरून सरळ ढापले होते.

हे कुणालाही कधी कळलं नसतं. पण लेकीने घोळ घातला. लेकीचं तसबिरी मढवायचं दुकान. बाबांना पंचाहत्तर पूर्ण होणार, तर काहीतरी खास द्यायचं असं तिच्या मनात. जुन्या कार्यालयाचं कोठार रिकामं करताहेत असं कानावर आलं, तशी ती तिथे जाऊन थडकली आणि धुळीने शिंकत शिंकत दोन गठ्ठे घेऊनच घरी आली. एक आईच्या हातचा, एक बाबांच्या. प्रत्येकी बावीस पानं.

"सगळी काही मावणार नाहीत," ती म्हणाली. "दोघांचं एकेक पान शेजारी शेजारी लावते. कुठलं लावू बोला. आणि आई, मी आत्ता रस्त्यात फोनवर बघितलं. मूळच आहे तुमची संख्या. एका सेकंदात सांगितलं."

"एका सेकंदात?" पुटपुट्यांना ते मुळीच आवडलं नाही. "मग त्याला काय कळणार ती काय चीज आहे ते!"

बाकीबाई "पहिलं पान लाव" असं म्हणणार, तेवढ्यात पुटपुटेच म्हणाले, "एकोणीस. एकोणिसावं पान लाव."

बावीस पानांत यांना नेमकं तेच सुचावं?

आता ही काय भानगड ते सांगितलं पाहिजे. गणना कार्यालयात मोजणीखात्यासाठी, जहाजांसाठी कोष्टकं तयार व्हायची. यंत्रं हाताने फिरवायची. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी, आणि भागाकार म्हणजे घंटी वाजेपर्यंत वजाबाक्या. साहेब तसे कडक, पण मूळ संख्यांचं त्यांना वेड होतं. एक आणि स्वतः यांच्याखेरीज जिला कुणीही पुरतं भागू शकत नाही ती मूळ संख्या, एवढं आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. साहेब विसरले नाहीत. कामाची गर्दी कमी झाली की ते कुठली तरी संख्या काढत आणि दोन माणसांना तिच्या मागे लावून देत.

त्या वर्षी त्यांनी एक खेळ मांडला होता. सात ही मूळ संख्या. तिच्या शेपटाला एक आकडा असा लावायचा, की नवी संख्याही मूळच राहील. त्र्याहत्तर. पुन्हा एक लावायचा, सातशे एकोणचाळीस. मग सात हजार तीनशे त्र्याण्णव. असं करत करत साहेब त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरापर्यंत पोचले. तिथवरच्या सगळ्या छापील पुस्तकात सापडत होत्या. त्यापुढे आणखी एक तीन लावला, की सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. ७३९३९१३३. ही काही पुस्तकात नव्हती. पुस्तक एक कोटीलाच संपत होतं. ती मूळ निघाली, तर तिच्या शेपटाकडून एकेक आकडा कितीही वेळा छाटा, उरेल ते मूळच! कल्पना करा, सात वेळा मोडूनही न मोडणारी वस्तू. साहेब त्या आठवड्यात जेवायचेसुद्धा विसरले होते.

तर तिची परीक्षा पुटपुटे आणि बाकीबाई यांच्याकडे आली. एखाद्या संख्येला मोठा भाजक असला तर त्याच्या जोडीला लहान असतोच, त्यामुळे वर्गमुळापर्यंत गेलं की पुरतं. इथे आठ हजार पाचशे सत्त्याण्णवपर्यंत. तिथवरच्या मूळ संख्या एक हजार सत्तर. एकेकीने भागायचं, प्रत्येक वेळी बाकी लिहायची. एका पानावर पन्नास. बाकी एकदा जरी शून्य आली तरी खेळ खलास.

कार्यालयाची रीत अशी, की तेच काम दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत करायचं. एकाने लहान भाजकांकडून वर जायचं, दुसऱ्याने मोठ्यांकडून खाली यायचं. शेवटी दोघांची पानं जुळवायची. एकाची चूक असेल तर दुसऱ्याशी फरक पडतो आणि ती सापडते. दोघांची एकाच जागी अगदी एकसारखी चूक निघाली, तर त्याचा अर्थ एकच. कुणीतरी कुणाचं तरी उतरवलंय. तसं निघालं की माणूस त्याच दिवशी घरी. साहेबांनी त्यापायी स्वतःच्या भाच्यालाही ठेवलं नव्हतं.

बाकीबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या. कुणाच्या बापावर विश्वास ठेवणार नाहीत अशा. साहेबांनी फळ्यावर केलेला भागाकारही खाली बसून गुपचूप पुन्हा करून बघायच्या, आणि दोनदा त्यांनी साहेबांची चूक काढलीही होती. पण अठरावं पान संपलं त्या दिवशी त्यांची अक्कलदाढ काढलेली. गाल फुगून टम्म. दांड्याचा एकेक फेरा थेट जबड्यात झणझणत होता. पान ठेवायला त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, तर साहेब जेवायला गेलेले आणि ट्रेमध्ये पुटपुट्यांच्या पानांत, मोठ्या भाजकांकडून खाली येताना त्यांनी कधीच करून ठेवलेलं एकोणिसावं पान. सात हजार एकपासून सात हजार चारशे नव्व्याण्णवपर्यंतचं. सुबक, एकही खाडाखोड नसलेलं. बाईंनी ते आपल्या कागदांत सरकवलं, अर्ध्या तासात उतरवून काढलं आणि परत ठेवलं. पुढची तिन्ही पानं मात्र दुसऱ्या दिवसापासून इमानेइतबारे केली. जुळवणीत एकही फरक निघाला नाही, संख्या मूळ ठरली, साहेबांनी सही केली, आणि महिन्याभरात पुटपुट्यांनी बाईंना लग्नाचं विचारलं.

आणि आता तेच पान म्हणे भिंतीवर लागणार! तेही पुटपुट्यांच्या खुर्चीसमोर. पुटपुट्यांना ओळखणाऱ्याला यातला धोका लगेच कळेल. हा माणूस औषधाच्या खोक्यावरचा मजकूरही बोट ठेवून वाचतो. स्वतःच्या लग्नाची पत्रिका एका स्वल्पविरामासाठी याने पुन्हा छापून घेतली होती. त्या पानात एखादी चूक असेल, तर आठवड्याभरात याला सापडणार. शेजारच्या पानावर तीच चूक बाईंच्या अक्षरात दिसणार. आणि मग अठ्ठेचाळीस वर्षं ज्या गोष्टीवर हा माणूस खूश आहे, ज्या एका कारणावरून त्याने आपल्याला मागणी घातली, तीच खोटी निघणार. बरं, पान स्वच्छ असेल तर प्रश्नच नाही. म्हणजे बघितलं पाहिजे. म्हणजे ते पन्नास भागाकार आता करायला हवेत.

"झक मारली आणि दाढ काढली," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

गठ्ठे वाढदिवसापर्यंत घरातच होते. पुटपुटे दुपारी दोन ते चार झोपत. तेवढ्या वेळात बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायच्या. कागद म्हणजे लेकीच्या दुकानातून तसबिरीभोवती गुंडाळून येतो तो जाड, खाकी. चष्मा, पेन्सिल आणि शेजारी पुटपुट्यांचं पान. ते तेव्हा वरून खाली आले होते, म्हणून बाईंनीही वरूनच सुरुवात केली. पहिला भागाकार करायला पाव तास लागला आणि तोही चुकला. "म्हातारे, लाज वाटू दे," त्या स्वतःला म्हणाल्या. पण चौथ्या-पाचव्यापासून हात वळायला लागला. दुसऱ्या दिवशी सात हजार तीनशे त्र्याण्णव आली. अरे, ही तर आपल्याच संख्येची अर्धी! शेपटाकडचे चार आकडे छाटले की उरणारी. आपल्याच पोटातल्या संख्येने आपल्याला भागायचं आणि तरी सतराशे चाळीस बाकी उरवायची. बाईंना हसू आलं. इतक्या वर्षांपूर्वी हे बघायला हवं होतं, नुसतं उतरवून मोकळी झाले, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

अठ्ठावीस बाक्या जुळल्या. एकोणतिसावा भाजक सात हजार दोनशे तेरा. बाईंची बाकी आली ५८८३. पुटपुट्यांच्या पानावर ५८३८.

त्यांनी पुन्हा केला. ५८८३. तिसऱ्यांदा केला. मग आपलं जुनं पान काढलं. तिथे त्यांच्याच अक्षरात, ठसठशीत, ५८३८.

चूक कशी झाली ते त्यांना तिथल्या तिथे समजलं. पुटपुटताना त्र्याऐंशीतले तीन तोंडात आधी येतात आणि ऐंशी मागून. तोंडाच्या मागे हात गेला, आणि तीन आधी लिहिले, आठ नंतर. त्यांच्या नवांच्या कसोटीत ते कसं सुटलं, तेही समजलं. गणित पडताळायला आकड्यांची बेरीज करून नऊ काढत जायचे, ही ती कसोटी. पण आकडे तेच, नुसती जागा बदललेली, तर बेरीज तीच येणार. कसोटी आपली खुशाल पास. उरलेले एकवीस बाईंनी दोन दुपारींत करून टाकले. ते सगळे बरोबर होते. एकच चूक, पण दोन्हीकडे.

संख्येला त्याने काही होत नव्हतं म्हणा. शून्य कुठेच नव्हतं. पण संख्येची काळजी होती कुणाला!

बाईंनी सगळे मार्ग बघितले. पानावर चहा सांडावा? लेक नवीन पान मागेल, पण हे पान वाया गेलं म्हणून पुटपुटे हळहळणार, आणि ते बघवणार नाही. तीन आणि आठ यांची जागा बदलावी? तशीच शाई होती, हातही अजून स्थिर होता. त्या पेन उघडून बसल्यासुद्धा. पाच मिनिटं बसल्या आणि टोपण लावून टाकलं. एकदा लबाडी केली ती दाढेच्या नावावर खपली. आता सगळे दात कवळीचे, आता कुणाचं नाव सांगणार?

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी पुटपुटे जोड्यांना पॉलिश करत बसले होते. बाई दोन्ही पानं आणि खाकी कागद घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"अहो, जरा ब्रश खाली ठेवा."

"एवढा डावा झाला की—"

"डावा राहू दे! मला एक सांगायचंय, आणि आत्ता नाही सांगितलं तर पुन्हा धीर व्हायचा नाही." त्यांनी दोन्ही पानं पुढे केली. "एकोणिसावं पान मी केलं नव्हतं. तुमचं उतरवलं होतं. सगळंच्या सगळं. सात हजार दोनशे तेराची बाकी तुम्ही चुकवलीत, आणि मीही तीच चूक लिहिली. तुम्ही सगळ्या जगाला सांगत सुटता ना, एकही फरक नाही म्हणून, तो असा नव्हता. फसवलं मी तुम्हाला."

पुटपुट्यांनी ब्रश खाली ठेवला. बाईंच्या हातातली पानं घेतली. ५८३८ वर बोट ठेवलं, पण वाचल्यासारखं केलं नाही.

"बस आधी," ते म्हणाले. "मला ठाऊक आहे ते."

"काय ठाऊक आहे?"

"हेच. जुळवणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून ठाऊक आहे. साहेबांच्या सहीला द्यायच्या आधी म्हटलं, अकरांचीही कसोटी लावून बघू. त्यात जागा बदललेले आकडे सापडतात. सापडली माझी चूक. लाज वाटली. म्हटलं, हिचं तर बरोबर असेल, मग फरक कसा नाही निघाला? तुझं पान बघितलं आणि घामच फुटला मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू त्याच दिवशी घरी. साहेबांनी भाच्याला नाही सोडलं, तुला काय सोडणार होते? माझ्या पानावर दुरुस्ती करावी तर फरक दिसणार. तुझ्याही पानावर करावी, तर ते तुझं अक्षर. मग काय, जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस बसलो आणि एकोणिसावं पान पुन्हा अख्खं केलं. तुझ्या वाटचं म्हणून. संख्या पक्की आहे एवढी खात्री केली आणि दोन्ही पानं तशीच सहीला दिली. समोर दिसत असून मी सोडलेली आयुष्यातली ती एकच चूक आहे."

बाई एकदम भडकल्या. "म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं मी आत बसून जीव जाळतेय, आणि तुम्ही बाहेर पाहुण्यांना मिटक्या मारत तीच गोष्ट सांगताय? एक फरक नाही म्हणे! खोटारडे कुठले!"

"खोटं काय त्यात? फरक नव्हताच की! चूकसुद्धा सारखी."

"हसू नका! मग मला मागणी कशाला घातलीत? लबाड मुलगी आहे हे कळल्यावर?"

पुटपुटे हसायचे थांबले. डाव्या जोड्याच्या नाडीशी उगाच चाळा करत राहिले. इतकी वर्षं बडबड करणारा माणूस, पण हे त्याने कधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"त्याआधी तुला विचारायचं माझ्या मनातही नव्हतं गं," ते म्हणाले. "तुझी भीतीच वाटायची. साहेबांचा भागाकारसुद्धा तू पुन्हा करून बघणार. वाटायचं, या मुलीला जगात कुणाचंच काही चालत नाही. आणि मग ते पान बघितलं. माझ्या पन्नास बाक्या तू जशाच्या तशा घेतल्या होत्यास, न तपासता. कुणाचंही न घेणारी मुलगी, तिने माझं घेतलं! घरी जाताना रस्ताभर मला दुसरं काही सुचलं नाही. महिनाभर धीर गोळा केला आणि विचारलं."

"दाढ दुखत होती हो माझी," बाई हळूच म्हणाल्या. आता काहीच लपवायचं नव्हतं. "दांडा फिरवता येत नव्हता, म्हणून घेतलं."

"असेल," पुटपुटे म्हणाले आणि त्यांनी ब्रश उचलला.

बाई खुर्चीत बसून राहिल्या. दाढ दुखत होती हे खरं. यंत्र चालवता येत नव्हतं, तेही खरं. पण नवांची कसोटी लावायला यंत्र लागत नाही आणि दाढही लागत नाही. नुसत्या बेरजा. पन्नास ओळींना फार तर अर्धा तास. त्या काळी त्यांनी ती दुसऱ्या कुणाच्याही पानाला लावल्याशिवाय सोडली नसती. चूक त्यात सापडली नसती, तो भाग वेगळा. पण पुटपुट्यांच्या त्या पानाला ती लावून बघावी, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तेवीस वर्षांच्या त्या टम्म गालाच्या मुलीने ते पान समोर घेतलं होतं आणि शेवटच्या ओळीपर्यंत खुशाल उतरवत गेली होती. आपण असं का केलं, हे त्यांनी आजवर स्वतःला विचारलंच नव्हतं. त्यांना एकदम रडू आलं.

"अगं, आता काय झालं?" पुटपुटे घाबरून उठले. एक हात पॉलिशने काळा, तो मागे धरून दुसऱ्या हाताने ते बाईंचा खांदा थोपटत राहिले.

"काही नाही. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, एवढंच." बाईंनी पदराने डोळे पुसले आणि दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी नीट लावली. "लेकीला फोन करा. म्हणावं, हीच लावायची. आणि काच चांगली घाल म्हणावं, आकडे लांबून वाचता आले पाहिजेत."